बाबांच्या वजनाचं पोतं

प्रवास करायचा तर घराबाहेर पडावं लागतं, हा एक मागासलेला समज आहे. सुधारलेल्या जगात प्रवासाला आधी सामान लागतं, सामानाला पेटी लागते, पेटीला कॅरिअर लागतो आणि कॅरिअरला मोटारसायकल. एवढं जमल्यावर प्रवास शिल्लक राहिलाच, तर तो सवडीने उरकता येतो. हे ज्यांना उमगलं अशा मोजक्या थोर पुरुषांत एका विमा कंपनीतल्या दावे-तपासनिसाचा नंबर फार वरचा.

लोकांचे दावे नामंजूर करणं हे त्याचं काम. ते तो इतकं मन लावून करी की ऑफिसात त्याला ‘फेटाळकर’ म्हणत. (पाठीमागे. समोर ‘साहेब’. आदर दोन्हींत सारखाच.) रोज कोणाच्या तरी निष्काळजीपणाची फाइल टेबलावर येई, त्यामुळे निष्काळजीपणा कशाला म्हणतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरातून निघण्याला.

आणि नेमका त्याच्याच बापाने निघायचा हट्ट धरला.

बाबांचं मागणं एकच. घाटापलीकडे तळ्याकाठी त्यांचा जिवलग मित्र राहायचा. तरुणपणी दोघं एकाच मोटारसायकलवर, मागे वळकटी दोरीने करकचून बांधून, गावोगाव हिंडलेले. “एकदा मला त्याच्याकडे ने रे,” बाबा म्हणाले. “तुझ्या मागे बसून येतो. त्याचा लेक त्याला कायमचा परदेशी नेणार आहे. मग कुठला भेटतोय!”

“नेतो की,” फेटाळकर म्हणाला. “पण उठलं आणि निघालं, असं नाही चालत बाबा. सामानाचं बघावं लागेल.”

मोटारसायकलच्या सामानाबाबत जगात दोन पंथ आहेत: मऊ पिशवीवाले आणि कडक पेटीवाले. मऊवाले म्हणतात, गाडी आडवी झाली की पेटीखाली पाय चेंगरतो. कडकवाले म्हणतात, पिशवी सायलेन्सरला टेकते आणि जळते. मोबाइलवर त्यांची रोज हाणामारी चाले. (दोन्ही पंथांतलं कोणी अलीकडे गावाबाहेर गेल्याचं ऐकिवात नाही. वेळ कुठे असतो?) फेटाळकरने दोन्ही बाजू ऐकल्या, पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि त्याने कडक पेट्या घेतल्या. दोन बाजूंना, एक मागे.

पेट्यांत बाबांची औषधं गेली, ती हरवली तर लागणारी दुसरी औषधं गेली, घडीचं स्टूल, दोन थर्मास (एक पाण्याचा, एक पहिला फुटला तर), छत्री (चालत्या गाडीवर उघडता येत नाही, पण म्हणून काय ठेवायचीच नाही?) आणि पंक्चरचं सामान. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे घाण्याचाच विचार चालला होता.

आता सायलेन्सर उजवीकडे, म्हणून उजवी पेटी लहान. डावीकडे वजन जास्त झालं, गाडी डावीकडे ओढू लागली. उजवीकडे वीट ठेवली. मग मागचं एकूण वजन वाढलं, पुढचं चाक हलकं झालं, हँडल डुगडुगू लागलं. म्हणून पेट्रोलच्या टाकीवर एक बॅग बांधून तिच्यात दोन विटा ठेवल्या. त्यात वेगाचा काटा झाकला गेला. (वेगच इतका कमी होता की बघण्यासारखं काही नव्हतं.) त्याच्या पाहणीनुसार शंभरातले शहाण्णव अपघात सामानामुळे होत नाहीत. उरलेल्या चारांसाठी हा सगळा खटाटोप होता.

अशा गाडीवर म्हाताऱ्या माणसाला बसवून प्रयोग करणार कसा? फेटाळकर काही कसाई नव्हता. त्याने बाबांना वजनकाट्यावर उभं केलं, जेवढं वजन भरलं तेवढी वाळू एका पोत्यात भरली आणि पोतं मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलं. दर रविवारी पोतं तळ्यावर जाऊन येऊ लागलं.

सुरुवातीला बाबा बूट घालून दारात बसत. गाडी परतली की विचारत, “काय, पोत्याला कसं वाटलं तळं?”

“चाळीसच्या पुढे जरा डुगडुगतं,” फेटाळकर गंभीरपणे सांगे.

“मग मी बसने जातो ना!” एकदा बाबा वैतागून म्हणाले. पण बसच्या टपावर सामान कसं बांधतात ते फेटाळकरने बघून ठेवलेलं. नामंजूर.

तो प्रामाणिक इतका की दर महिन्याला बाबांचं नव्याने वजन करी. ते दर वेळी कमी भरे. मग तेवढी वाळू पोत्यातून काढून दाराशी ओतली जाई. पायरीच्या बाजूला तिचा ढीग झाला. त्याची बायको एक दिवस रडकुंडीला आली. “अहो, ती वाळू बघवत नाही हो मला. न्या ना त्यांना एकदाचं! पडलात तर पडलात.”

‘पडलात तर पडलात’. एवढ्या तीन शब्दांवर त्याने आजवर कितीतरी दावे फेटाळले होते.

अखेर तो रविवार उजाडला. फेटाळकर शीळ घालत परतला. “बाबा, जमलं! हँडल नाही, चाक नाही, पोतं इंचभर हललं नाही. पुढच्या रविवारी निघायचं!”

बाबा काठी टेकत आले. त्यांनी पोत्यावर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला.

“ही दोरी कुठली?”

“ही होय? काकांनी दिली, तळ्यावरच्या. माझे पट्टे ढिले पडत होते ना. स्वतः बांधलं त्यांनी पोतं. गाठ बघा कसली पक्की आहे! फार अगत्याचा माणूस. दर रविवारी गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत पळत यायचे, मागच्या सीटकडे बघायचे, मग मला चहा द्यायचे.”

“काही म्हणाला?”

“म्हणाले, दोरी तुझ्या बाबांना दे, आता मला नको. आज दुपारीच निघणार होते ना ते. मुलगा न्यायला आला होता.”

“आज निघणार हे तुला कधी कळलं?”

“गेल्या रविवारी,” फेटाळकर म्हणाला. “सांगणारच होतो. पुढच्या चाकातल्या हवेच्या नादात राहून गेलं.”

गाठ कशी सोडायची हे बाबांच्या बोटांना अजून माहीत होतं. दोरी सुटली, पोतं धप्पकन खाली पडलं. बाबांनी दोरीची गुंडाळी केली, ती खिशात घातली आणि ते घरात गेले. फेटाळकरने पोतं उचलून पुन्हा सीटवर ठेवलं. पण कुठलं वजन कुठे ठेवलं म्हणजे हे सावरेल, ते काही त्याच्या ध्यानात येईना.

आता तुम्ही म्हणाल, काय हा अडाणी माणूस! अगदी बरोबर. तुम्ही असं कधी केलं नसतं. तुम्ही आपल्या माणसाला फक्त एवढंच म्हणाला आहात, की जरा सवड होऊ दे, मग नक्की जाऊ. हरकत नाही. चांगलंच आहे ते. त्यांचं वजन मात्र एकदा करून बघा.