चाळीतली एकमेव सरळ जागा

न्हाणीघर कसे असावे हे या शहरात फार थोड्यांना कळते, आणि त्या थोड्यांपैकी एक जण डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, असे माझे नम्र मत होते. वाचकांनी 'होते' या शब्दाकडे कृपया लक्ष द्यावे!

मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक. हयात मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. नवा माग बसवायचा झाला की त्याखालची जमीन समपातळीत आहे की नाही हे मी जातीने तपासत असे. स्पिरिट लेव्हलच्या काचेतला हवेचा बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन स्थिर झाल्याखेरीज मी कोणाला माग बसवू दिला नाही. मग संप झाला, मिलला कुलूप लागले, माग थांबले. माझा बुडबुडा मात्र थांबायला तयार नव्हता! मोजायला काही उरले नाही की माणूस स्वतःचे घर मोजू लागतो. मीही मोजत मोजत मोरीपाशी येऊन पोहोचलो.

आमची मोरी मागच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात होती. गुडघ्याएवढा सिमेंटचा कठडा, त्यावर दोरी, दोरीवर जुन्या लुगड्याचा पडदा. भांडी तिथेच, धुणे तिथेच, पाण्याचे पिंपही तिथेच, आणि या सर्वांच्या फटीत आंघोळ! माझ्या पत्नीने, शेवंतीने, लग्न झाल्यापासून जी काही आंघोळ केली ती बसून, अंग चोरून आणि कान टवकारून केली. कोणी ना कोणी ओरडतच असे.

"वहिनी, नळ जातोय!"

"शेवंती, चहाचं आधण!" हा मी.

एकदा ती मावसबहिणीकडे, बेबीकडे, शिवाजी पार्कला दोन दिवस राहून आली. बेबीने मला नंतर सांगितले, की ही बाई सकाळी बाथरूममध्ये शिरली ती जेवणाची पाने घेतली तेव्हाच बाहेर आली.

"इतका वेळ काय करत होतीस?" मी विचारले.

"काही नाही," शेवंती म्हणाली. "दाराला कडी होती."

त्यानंतर कधीकधी भाजी निवडता निवडता तिचा हात थांबे आणि डोळे मोरीच्या वरच्या भिंतीवर कुठेतरी लागत. ती काय पाहत असे हे मला ठाऊक होते. ती कडी पाहत असे!

म्हणून मी कागद पसरला, पेन्सिलीला टोक केले, आणि पाहता पाहता मलाही ते दिसू लागले. निळ्या लाद्या. पोटमाळ्यावर पिंप, पिंपाखाली शॉवर. दुधी काचेतून झिरपणारा सकाळचा उजेड. तळ्यावर धुके तरंगावे तशी वाफ. साबणाला कोनाडा, तोही असा की डोळे मिटले तरी हात तिथेच जावा. त्यासाठी मी टेप घेऊन शेवंतीच्या कोपराची उंची घेतली.

"अगंबाई! ब्लाऊज शिवणार की काय?"

"साबण ठेवणार आहे."

"दंडावर?"

तंत्रशिक्षण नसलेल्या माणसाशी संसार करणे सोपे नसते!

काम उत्तमने घेतले. उत्तम आमच्याच मिलचा विणकर. संपात हात रिकामे राहिले म्हणून गवंडीकाम करू लागला होता. कापडाला घालावी तशी लादीला घडी घालता येत नाही, एवढे त्याला नुकतेच कळले होते. लाद्या मात्र त्यानेच मिळवल्या. माहीमला समुद्रालगतचा एक जुना बंगला पाडला, तिथल्या. इतक्या निळ्या, की हातात धरून पाहताना आपण आहोत तिथे नाही असे वाटे.

पहिल्याच दिवशी मी कठडा फोडायला सांगितला.

"साहेब, कठडा असू दे. पानी अडवतो."

"कठडा हे मागासलेपणाचे लक्षण आहे! पाणी अडवायचे नसते उत्तम, पाण्याला वाट द्यायची असते. जमीन समपातळीत, जाळीकडे किंचित उतार, आणि दाराखाली हवा खेळायला बोटभर फट. पाणी आपोआप शहाणे होते."

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमची चाळ कललेली आहे. फार पूर्वी कधीतरी गॅलरीकडची बाजू बसली. बसायची तेवढी बसली आणि थांबली. भेगांवर मी स्वतः लावलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या कित्येक वर्षांत तडकलेल्या नाहीत. चाळकऱ्यांनी या गोष्टीची वाच्यता कधी केली नाही. त्यांनी फक्त सोय लावून घेतली. प्रत्येक कपाटाच्या दोन पायांखाली वर्तमानपत्राची घडी. प्रत्येक खाटेखाली उशाशी की पायथ्याशी वीट, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार. आमटी वाढली की ताटात ती गॅलरीच्या दिशेने जाते, म्हणून भात त्या बाजूला वाढण्याची रीत. माणसे उभीसुद्धा जरा मागे रेलून राहतात. बाहेरच्याला वाटते, काय रुबाब आहे!

अशा चाळीत मी बुडबुडा मधोमध आणला! जमीन, लाद्यांच्या ओळी, कोनाडा, चौकट, सारे निसर्गनियमांशी प्रामाणिक. उत्तम दारात उभा राहून डोके तिरके करकरून पाहत होता.

"साहेब, वाकडं दिसतंय."

"बुडबुडा बघ!"

"बुडबुडा बरोबर हाय. पन डोळ्याला पटत नाय."

"डोळा हे काही मोजमापाचे साधन नव्हे!"

खंडेनवमीला मिलमध्ये दरवर्षी यंत्रांची पूजा व्हायची. त्या साली कुलपाला झेंडू वाहून लोक परतले. मी माझी स्पिरिट लेव्हल नव्या न्हाणीघराच्या मधोमध ठेवली, हळदकुंकू लावले, फूल वाहिले. निळ्या लाद्यांवर दुधी उजेड पडला होता. बुडबुडा समाधी लागल्यासारखा निश्चल होता. माझा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताची पहिली आंघोळ शेवंतीची. तिने नवा साबण घेतला, टॉवेल घेतला आणि आत जाऊन कडी लावली. कडीचा आवाज होताच ती आतल्या आत हसल्याचे मला बाहेर ऐकू आले. मी खुर्चीत बसून डोळे मिटले.

धाड्!

"अहो! फिरतंय!"

"काय फिरतंय?"

"सगळं! मी पडत्येय!"

कडी निघाली. शेवंती भिंत धरून, तोंडाला साबण, अशी बाहेर आली. खोलीत पाऊल टाकताच तिला बरे वाटले. पुन्हा आत गेली, पुन्हा चक्कर! मी लिंबूपाणी दिले. गूळ दिला. काही उपयोग झाला नाही. बाहेर ती ठणठणीत, आत गेली की गलबत!

आरडाओरडा ऐकून शेजारचा लवू आला. लवू मूळचा मालवणकडचा, मिलच्या सूतखात्यात होता, आणि संप झाल्यापासून दिवसभर टाळ घेऊन बसलेला असे. "बघूया तरी," म्हणत तो आत गेला आणि बाहेर येईचना! दहा हाका मारल्यावर डोळे मिटलेलाच बाहेर आला. चेहऱ्यावर असे तेज, की मी नकळत हात जोडणार होतो.

"नानानू, काय सांगू तुमका! डोळे मिटलंय आणि होडयेत बसल्यासारख्या वाटला. अंग ह्याच नाय! तरंगत होतंय मी!"

झाले! संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोहोचली. सोने म्हणून आपट्याची पाने द्यायला जो येई तो हळूच विचारी, "नाना, जरा आत जाऊन येऊ?" दुसऱ्या दिवशी समोरच्या चाळीतून लोक आले. करी रोडहून आले! काम नव्हते, वेळ उदंड होता. कोणी म्हणे ही समाधी. कोणी म्हणे गुत्त्यावर न जाता नशा, तीही वासाविना! लवूने रांग लावली आणि नियम केला: चपला बाहेर, बोलायचे नाही, एक अभंग संपेपर्यंत एकाने तरंगायचे.

आणि शेवंती? तिची आंघोळ आता स्वयंपाकाच्या ओट्यामागे परातीत होऊ लागली. पुन्हा तेच लुगडे, तीच दोरी. वरून खोलीत दहा परके पुरुष! पडद्यामागून ती एकदाच म्हणाली, "अहो, त्या कडीच्या आत सगळी चाळ जाऊन आली. मी तेवढी राहिले."

ते मला लागले. मी ओरडलो, "अरे, न्हाणीघरात काही नाही! ते सरळ आहे. तुम्हाला सवय—" पण लवू ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "श्श्! आत माणूस तरंगता हा."

आणि नेमके त्याच दिवशी कमलाकांत आले!

कमलाकांत हे मालकांचे कारभारी. ठाकूरद्वारचे जुने घराणे, काळी टोपी, बगलेत छत्री, बोलणे मधात घोळलेले. मालकांना चाळ रिकामी हवी होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. जिन्यातली रांग ओलांडत ते वर आले.

"काय नानासाहेब, घरात देऊळ काढलंत की काय? पाहू या."

ते आत गेले. छत्री पडली. मग टोपी पडली. मग दोन्ही हातांनी चौकट धरून कमलाकांत बाहेर आले.

"हे... हे वाकडं आहे!"

वाकडे! माझे काम! इतकी वर्षे बुडबुड्याशी इमान राखले ते हे ऐकायला?

"मुळीच नाही!" मी कडाडलो. "हे न्हाणीघर अचूक समपातळीत आहे. वाटल्यास लेव्हल लावून दाखवतो!"

तेवढ्यात दारात पुतळाबाई आली. ही माहीमच्या कोळीवाड्यातली. आमच्याकडे मासळी तिचीच. टोपली उतरवून ती सरळ न्हाणीघरात गेली, पाय धुतले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाना, झ्याक न्हानी केलीस रं! बोटीवरशी जमिनीवर उतरल्यासारका वाटला. न्हानी सरल हाय. कलंडलीय ती तुमची चाल! माजी टोपली ठेवली का म्हावरा सगला एका अंगाला जातो!"

लवूचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले.

"चाळ कलंडली आहे?" कमलाकांतांच्या आवाजातला मध दाट झाला. "अरेरे! मग इथे राहणं धोक्याचं. महापालिकेला कळवायला हवं. तुम्हां सर्वांची ट्रान्झिट कॅम्पात छान व्यवस्था होईल. नानासाहेब, तुम्ही तंत्रज्ञ. तुम्हीच सांगा. न्हाणीघर सरळ आहे ना?"

ट्रान्झिट कॅम्पात गेलेले कुटुंब परत आल्याचे आमच्या भागात कोणी पाहिलेले नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. उत्तम पाहत होता, लवू पाहत होता. ओट्यापाशी शेवंती उभी होती. तिची नजर माझ्यावर नव्हती. पोटमाळ्यावर, भिंतीवर, फळीवरच्या डब्यांवर, अशी सगळ्या घरावरून सावकाश फिरत होती.

माझ्या हातात स्पिरिट लेव्हल होती. खंडेनवमीचे कुंकू अजून पुसलेले नव्हते.

"चाळ ओळंब्यात आहे," मी म्हणालो. "न्हाणीघर वाकडे आहे. माझी लेव्हल बिघडलेली आहे."

"तरीच!" उत्तम लगेच म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून बोलत होतो!"

"हवा गेली तिची," लवूने दुजोरा दिला.

"गेली कुठे? आत बुडबुडा दिसतो आहे!" कमलाकांत म्हणाले.

"तीच ती," लवू म्हणाला. "बाहेर जाऊक वाट शोधता हा!"

"ए बाय, काय झूट—" पुतळाबाईने तोंड उघडले. शेवंतीने तिच्या हाताला धरून तिला ओट्यामागे नेले आणि "पापलेट ताजं आहे का गं?" असे विचारले. ताज्या मासळीवर संशय! पुतळाबाई चाळ विसरली आणि पुढचा अर्धा तास पापलेटावर बोलली.

कमलाकांतांनी टोपी झटकली. "ठीक. पुढच्या फेरीला मी पुन्हा येईन. तोवर हे न्हाणीघर चाळीसारखं 'सरळ' झालेलं असू द्या. नाहीतर मीच एक लेव्हल घेऊन येतो. न बिघडलेली!"

उत्तमने जमीन पुन्हा उखडली. या खेपेला त्याने काहीही मोजले नाही. दारात उभे राहून एक डोळा मिटला आणि चाळीला जुळेल अशी जमीन घातली, चौकटही तशीच बसवली. पाहणाऱ्याला गार वाटावे इतकी ती डोळ्याला पटत होती. लवू आत जाऊन आला आणि निराश होऊन म्हणाला, "खय काय? साधी न्हाणी." रांग संपली. घर मोकळे झाले.

"मला आंघोळ हवी होती हो," शेवंती मला समजावत म्हणाली. "समपातळी नको होती."

दुसऱ्या सकाळी ती आत गेली. कडी लागली. शॉवर सुरू झाला. मी श्वास रोखून बसलो. काही पडले नाही. दुधी काच उजळत गेली, दाराच्या फटीतून वाफ आली, आणि मग आतून गुणगुणणे ऐकू आले. शेवंती गाते, हे मला तोवर माहीत नव्हते. गाणे कुठले ते कळत नव्हते. पाण्याच्या पलीकडच्या तीरावरून कोणी गात असावे, तसे ते येत होते. निळ्या लाद्या, माहीमचा समुद्र, सकाळ, सगळे एकमेकांत विरघळत चालले होते. माझे डोळे मिटले.

तळव्यांना गार लागले तेव्हा उघडले.

पाणी! जाळी मागच्या भिंतीशी, उतार चाळीचा, म्हणजे गॅलरीकडे. अडवायला कठडा नाही, आणि दाराखाली हवा खेळायला बोटभर फट. पाणी शहाणे झाले होते! खोली ओलांडून ते शिस्तीत गॅलरीकडे निघाले होते.

"नाना!" खालच्या मजल्यावरून आरोळी आली. "वरून पानी येतंय! वहिनींना सांगा, बस करा!"

मी धावत दारापाशी गेलो, हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

"अहो," गाणे थांबवून शेवंतीने आतून विचारले, "कोणी हाक मारली का?"

"छे!" मी म्हणालो. "कोणी नाही. तू सावकाश कर."

गाणे पुन्हा सुरू झाले. मी परत येऊन पाय वर घेऊन खुर्चीत बसलो. खुर्ची डुगडुगली. पाहतो तो तिच्या पायाखालची वर्तमानपत्राची घडी हलकेच गॅलरीकडे तरंगत चालली होती. खुर्ची नेमकी किती कलते आहे हे पाहण्यासाठी सवयीने माझा हात स्पिरिट लेव्हलकडे गेला, आणि आठवले, की ती बिघडलेली आहे असे मीच सर्वांसमक्ष सांगितले होते!