मालक घरात होता का?

राम घाटावर आंघोळ करून तुम्ही पायरीवर टेकलात आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला एक काटकुळा म्हातारा शेजारी येऊन बसला, तर घाबरू नका. तो विचारेल, "माफ कीजिए, आपकी भाषा में घर लूटने को क्या कहते हैं?" तुम्ही पिशवी छातीशी धराल. सगळेच धरतात. मग तो घाईघाईनं खुलासा करेल, "नहीं नहीं, आपका घर नहीं. कोई भी घर." या खुलाशानं कुणाचा जीव भांड्यात पडलेला मी तरी पाहिला नाही.

हे आमचे पारसनीस काका. घाटावरचे पंडे त्यांना हात जोडून थकले. "काकाजी, जजमान भगाओगे क्या? सुबह-सुबह लूट-लूट मत करो!" काका शांतपणे सांगतात, "लूट नहीं महाराज, मैं तो पिलेज पूछ रहा था."

काका कोर्टात अनुवादक होते. त्यांचे पूर्वज सरदारांच्या दरबारात दुभाषे, म्हणजे हे काम रक्तातच. रिटायर झाल्यावर फ्रीगंजमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर खोली घेऊन कागदपत्रांची भाषांतरं करतात. करतात म्हणजे, खोलीत फेऱ्या मारतात. खुर्चीत बसतात ते उठण्यापुरतं. बसले की डावा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत राहतो आणि खालचा चष्मेवाला वर बघून ओरडतो, "पारसनीस साब, प्लास्टर गिर रहा है!"

मी त्यांच्याकडे गेले ते कामासाठी. आमची पाचसहा जणांची एक मोहीम आहे. माळव्यातून उचलून नेलेल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांत काचेमागे उभ्या आहेत, त्या परत करा, ही मागणी. मी इंग्रजीतून जळजळीत पत्रक लिहिलं होतं. ते मराठी, हिंदी, गुजराती, जमेल तितक्या भाषांत हवं होतं. मला वाटलं, हा माणूस आपल्याच बाजूचा.

काकांनी पत्रक उभ्यानं वाचलं. "एका ओळीत तीनदा लूट आणि तीन उद्गारचिन्हं. पतंग लुटायला निघालीयेस का, पत्रकबाई?"

"काका, इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. मराठीत सगळ्यांना लूट लिहून टाका ना!"

"टाका ना? काय नेलं, कुणी नेलं आणि मालक घरात होता का? हे कळल्याशिवाय मी शब्द देत नाही."

हे तीन प्रश्न म्हणजे काकांचं सगळं शास्त्र. मालक घरात नव्हता आणि थोडंच नेलं, तर तो भुरटेपणा, पिल्फरिंग. कपाटं उलथीपालथी केली, तर रॅनसॅक. मालक समोर उभा असताना त्याच्या अंगावरचंसुद्धा काढून घेतलं, तर नागवणं. आणि याला इंग्रजीत नीट शब्दच नाही म्हणून काका इंग्रजांवर चिडतात. घाटावर यात्रेकरूंना ते याचसाठी गाठतात. एका कानडी बाईंनी त्यांना 'सुलिगे' दिला, त्या दिवशी काका फ्रीगंजपर्यंत जवळजवळ पळत आले. "सुलिगे! सोलून काढणं! साल काढल्यासारखं! वा, काय लोक आहेत!"

मी म्हटलं, "काका, माझ्या पत्रकाचं बोला. इंग्रजांनी आपल्याला लुटलं, यात कसला विचार करायचाय?"

"काहीच नाही. त्यांनी लुटलं. ये, तुला आमचं दाखवतो."

माधव नगरात काकांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे जागा पुरावी. पण आत शिरल्याबरोबर मी कशाला तरी गुडघ्यानं धडकले. भलंमोठं तांब्याचं घंगाळ! बैठकीच्या मधोमध. चिंचेनं घासून लखलखीत. काका मागून म्हणाले, "सरका हो बाई." मी सरकले. ते मला म्हणालेच नव्हते, घंगाळाला म्हणाले होते.

घंगाळाच्या काठावर टिंबं ठोकून नाव घातलेलं होतं: 'बाई रूपां'. पुढे गावाचं नाव असावं, ते पिढ्यान्‌पिढ्या घासून गेलेलं. घरात पूर्वापार एवढंच सांगत आले की आजोबांच्या पणजोबांनी मेवाडच्या स्वारीतून हे आणलं.

"आणलं!" काका फेऱ्या मारायला लागले. "क्रियापद बघ. बाजारातून भाजी आणतात तसं. हे परत द्यायचंय मला. मी गेलो की पुतण्या हे भंगारात घालील. आणि देताना सांगायचंय की आम्ही काय केलं, ते त्यांच्या भाषेत, नेमक्या शब्दात. तो शब्द मिळत नाही."

ते स्वतः प्लास्टिकच्या बादलीतून आंघोळ करत. घंगाळात साधी छत्रीसुद्धा ठेवत नसत. दुसऱ्याची वस्तू!

मला राग आला, खोटं का बोलू? म्हटलं, "काका, कुठे संग्रहालयं आणि कुठे तुमचं घंगाळ! हे बाहेर कळलं तर लोक आम्हालाच म्हणतील, आधी आपलं बघा."

"म्हणू देत. बघू आपण."

त्यांनी मेवाडकडच्या किती यात्रेकरूंना ते देऊ केलं, विचारू नका. एक जण तर लगेच तयार झाला. "हाँ हाँ, हमारा ही है!" टेम्पोसुद्धा बघायला निघाला. काकांनी विचारलं, "मालिक घर में था कि नहीं?" तो म्हणाला, "था तो ठीक, नहीं था तो भी ठीक." त्याला त्यांनी जिन्यावरून खाली पिटाळलं.

पितृपक्षात घाटावर गर्दी उसळली. माझं पत्रक अडकून पडलेलं, म्हणून मी रोज काकांच्या मागे. त्या दिवशी त्यांनी चित्तोडकडच्या एका बाईंना गाठलं. रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेतलाच. त्यांनी पिशवी छातीशी धरली नाही. म्हणाल्या, "लूट तो सब जगह लूट है, भाईसाहब. आपको पूछना क्या है, सीधे पूछिए."

काकांनी सीधं सांगितलं. घंगाळ, नाव, घासून गेलेलं गाव, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. "बर्तन आपके घर में है. और रूपां?"

"मतलब?"

"मतलब, जिसका नाम लिखा है वो कहाँ गई? बेटी को पीहर से बर्तन मिलता है तो नाम लिख के मिलता है. बर्तन उठा लाए. बेटी को छोड़ आए?"

"वो... वहीं रही होगी."

"किसी ने बताया?"

"किसी ने नहीं."

"तो घर में पूछिए. यहाँ क्या पूछते हैं?" आणि त्यांच्या बसवाल्यानं हाक मारली म्हणून त्या उठून गेल्या.

काकांचा गुडघा थांबला होता. मी तो थांबलेला पहिल्यांदाच पाहत होते.

मग म्हणाले, "आमची आजी या दिवसांत घराण्यातल्या सगळ्या बायकांची नावं घ्यायची. माहेरासकट, या बाई म्हणाल्या त्या पीहरासकट. ही देवासची, ही धारची, ही थेट साताऱ्याची. एक लक्ष्मी होती, पणजोबांच्या घंगाळवाल्या पणजोबांची बायको—" इथे अनुवादक काकांची पिढ्यांत गडबड झाली, ती मी त्यांना दाखवली नाही. "तिचं माहेर विचारलं की आजी पुढचं नाव घ्यायची."

"पण ती लक्ष्मी, काका. ही रूपां."

"पत्रकबाई, आपल्यात लग्नात बाईचं नाव बदलतात."

माझ्या पत्रकात ज्याला शब्द नाही, असं काहीतरी समोर होतं, आणि मी उगाच पाण्याकडे बघत बसले.

"पुरावा नाही," काका म्हणाले. "कोर्टात एक मिनिट टिकणार नाही. पण बघ ना. सगळ्या हिंदुस्थानाला विचारलं, मालक घरात होता का. घरात नाही विचारलं."

त्यांनी माझं पत्रक दुसऱ्याच दिवशी करून दिलं. जिथे जो शब्द हवा तिथे तो, आणि 'लूट' फक्त एकदा. त्या एकदामुळे ते पूर्वीपेक्षा जास्त झोंबतं, हे मला मान्य करावं लागतं.

सर्वपित्री अमावास्येला त्यांनी मला घाटावर बोलावलं. तोच वैतागलेला पंडा समोर.

"नाम बोलो, काकाजी."

"रूपां."

"गोत्र?"

"मालूम नहीं."

"तो कश्यप बोलो. आपकी कौन लगती हैं?"

जगातल्या प्रत्येक प्रकारच्या चोरीला शब्द असलेला हा माणूस अडला. पंड्यानं हातातले तीळ तसेच धरून ठेवले. मागे रांग चुळबुळायला लागली.

"घर की हैं," काका म्हणाले. "लक्ष्मी मत कहिए. रूपां कहिए. ज़रा ज़ोर से."

पंड्यानं जोरात म्हटलं. काकांनी ओंजळ सोडली.

पायऱ्या चढताना मी विचारलं, मला तोंड सांभाळता येत नाही, "काका, तुमच्यानंतर हिला पाणी कोण देणार? आणि तुम्हाला?"

"मला कशाला? मी कुठे हरवलोय?" असं म्हणून ते तिथेच पायरीवर बसले, आणि नेहमीसारखे लगेच उठले नाहीत.

थोड्या वेळानं एक म्हातारी आंघोळ करून येऊन आमच्याशेजारी टेकली. मी सवयीनं तिच्या पिशवीकडे पाहिलं. आता ती छातीशी जाणार.

काका तिच्याकडे वळले. "माफ कीजिए, माताजी. आपका पीहर कहाँ का?"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी खाली पायरीवर ठेवली, आणि सांगायला सुरुवात केली.