गुलाबभाऊंचा कोल्हा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाही तर शेवटापर्यंत मी सबबी शोधत राहीन. माझा स्वभावच तसा आहे.

गुलाबभाऊ माझे शेजारी. आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. मंगरूळपीरहून रोज एकाच बसने जातो. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे. माणसांची पारख त्यांना अजिबात नाही, पण ब्राउझरची आहे. त्यांच्या लॅपटॉपवर चार ब्राउझर आहेत. वखराला कोणता बैल जुंपायचा आणि गाडीला कोणता, हे शेतकरी जसं ठरवतो, तसं कोणती साइट कशावर उघडायची हे गुलाबभाऊ ठरवतात. शिक्षकाच्या नोकरीत आता खडूपेक्षा ऑनलाइन माहिती जास्त लागते, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या दारात.

"क्रोम पयते मस्त," ते सांगत, "पण खाते लय. पाच टॅब उघडा, लॅपटॉपचा पंखा असा घुमते का शेजारचे इचारतात, भाऊ, सोयाबीन काढून राह्यले काय?"

एजवर त्यांचा राग होता. "याले मी बलावलं नाही. लॅपटॉपसंगं आला. अन् रोज इचारते, मले घरचा कर्ता करता काय? अरे बाप्पा, तू पाहुणा हायस, जेव अन् गुमान बस!" ऑपेराबद्दल मात्र फक्त कीव. "पोरगं गुणाचं हाय, पण सरकारी साइटवाले त्याले वयखतच नाहीत."

चौथा फायरफॉक्स. त्याला ते कोल्हा म्हणत. "हळू चालते, पण घरातलं बाहीर सांगत नाही. इमानदार हाय." एवढी तारीफ करून वर बजावत, "कोल्ह्याले मात्र कोणी हात लावाचा नाही."

आम्ही हसायचो. एकदा मी म्हटलं, "काहून भाऊ, चावते काय?"

"मले चावते," ते म्हणाले आणि विषय बदलला.

विद्यार्थ्यांची माहिती भरायचा शेवटचा दिवस होता. शाळेत वीज नव्हती, म्हणून मी त्यांच्या घरी बसलो. भाऊ चहासाठी दूध आणायला गेले. क्रोमवर साइट उघडेना, एजवर अर्ध्यात अडकली, ऑपेराचं तर विचारूच नका. मी कोल्हा उघडला. तिथेही तेच. शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी उपाय टाकला होता: हिस्टरी साफ करा. समोर चौकटींची यादी आली. काय ठेवायचं, काय पुसायचं, हे वाचायलाही मी थांबलो नाही. सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि बटण दाबलं.

साइट झटकन उघडली. माहिती भरली. भाऊ आले, आम्ही चहा प्यायलो. कोल्हा मी आधीच बंद करून ठेवला होता.

त्या रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली. "मास्तर, या बरं जरा." कोल्हा उघडा होता. वर रिकाम्या पट्टीत त्यांनी 'फ' लिहिला होता. खाली काहीच नव्हतं.

"काय गेलं भाऊ?"

"तुमची वहिनी." वहिनींना कॅन्सरने जाऊन वर्ष होत आलं होतं. "मराठी टाइप कराले थे यावरच शिकली. काही शोधाचं असलं का कोल्हाच उघडे. थे गेल्यावर मी एक डाव 'क' टाकला, तं खाली तिनं शोधलेलं निंगालं. 'केस परत यायला किती दिवस लागतात.' मले कधी बोलली नाही. मंग ठरवलं, दर रविवारी एकच अक्षर पाहाचं. पुरवून पुरवून. 'ग' वर निंगालं, गुडघेदुखीवर घरगुती उपाय. तिचे कुठी दुखत होते गुडघे? माहे दुखतात."

'प' पर्यंत ते आले होते.

मी म्हणालो, "अपडेट आलं असंल भाऊ."

"नाही," ते म्हणाले. "माह्याच हातून काही दाबल्या गेलं असंल."

पुढचे तीन रविवार मी त्यांना खिडकीतून पाहिलं. लॅपटॉप उघडायचे, आपली उजव्या हाताची बोटं निरखत बसायचे, बंद करायचे. शाळेतही संगणकाला हात लावीनात. कोणी साइटचं विचारलं तर म्हणत, "मले नका इचारू बावा, मी बिघडवून ठेवतो." पुसलेलं परत आणता येईल का, हे मी वाशीमपर्यंत जाऊन विचारून आलो. येत नाही, असंच सगळे म्हणाले. चौथ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो.

"भाऊ, तुमच्या हातून काही झालं नाही. थे मी पुसलं. माहिती भराची होती, म्हणून कोल्हा उघडला अन् सगळं पुसलं. अन् वरून तुमाले खोटं बोललो."

मला वाटलं, आता शिवी येईल. ती यावी असंही वाटलं.

त्यांनी अगदी हळू विचारलं, "पुसाच्या आधी काही वाचलं काय तुमी? 'म' वरचं, 'भ' वरचं? तिनं लिवलेली एखादी तरी ओय?"

"नाही भाऊ," मी म्हणालो. "एकही नाही वाचली. मले माफ करा."