बावीस ताटं खिचडी

"ही सुरमई हाय व्हय?" धुरपदाबाईंनी ताटातल्या पिवळट खिचडीकडं बोट दाखवलं.

वाढपी पुढच्या ताटाकडं सरकला. समोर समुद्र होता, डोक्यावर नारळाची सावली होती आणि धुरपदाबाईंचं टाळकं सरकलं होतं. अणदूरहून बारा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत त्या कोकणात आल्या, त्या कॅन्सरमधून उठलेल्यांच्या शिबिरासाठी, असं सोबत आलेले नवरा बलभीमराव समजत होते. खरं तर त्या आल्या होत्या पत्रकातल्या शेवटच्या ओळीसाठी: 'समारोपाला समुद्रकिनारी जेवण, तळलेली सुरमई.' दोन वर्षं बाईंनी अळणी गिळलं होतं. "आता सगळं खा," असं डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले, तरी घरचं पथ्य सुटेना. माणूस मरणाच्या दारातून परत येतो आणि घरचे त्याला उंबऱ्यावरच बसवून ठेवतात, याचा कुणालाही संताप येईल.

आणि आता ही खिचडी, शेजारी उकडलेला दुधी. बाईंच्या एकटीच्या नव्हे, बावीसच्या बावीस शिबिरार्थींच्या ताटात.

तुळजापूरच्या नारायणराव गुरुजींनी ताट आपटलं. शाकाहाऱ्यांना कांदाभजी मिळणार म्हणून त्यांनी सकाळचा नाश्ताही सोडला होता. "तीन दिवस मी डोळे मिटून बसलो, ते काय दुध्यासाठी?"

शिबिर घेणाऱ्या शिवरंजनी मॅडम धावत आल्या. "शांत व्हा, शांत व्हा. राग आला की दीर्घ श्वास घ्यायचा ना?"

"घेतला. दुध्याचाच वास आला!"

मग काय, सगळेच पेटले. धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघर गाठलं. मागोमाग एकवीस जण.

"माझ्यावर का डाफरता?" आचारीही तापला. "तुमचीच माणसं सांगून गेली. आधी ते फेटेवाले आले. म्हणाले, आमच्या मंडळींना तेल-तिखट नको, पण तिला कळू देऊ नका. मग त्या चष्म्यावाल्या बाई. यांना तळलेलं देऊ नका, माझं नाव सांगू नका. असे सतरा जण कानात कुजबुजून गेले. सतरा ताटं वेगळी कुठं करत बसू? सरसकट खिचडी टाकली."

फेटेवाले म्हणजे बलभीमराव. चष्म्यावाल्या बाई म्हणजे गुरुजींच्या शारदाबाई.

"आन त्यांच्या पंगतीला काय वाढलंय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"सुरमई, रस्सा, भजी. त्यांना कुठं पथ्य आहे?"

नातेवाइकांची पंगत पलीकडं आडोशाला बसली होती. बलभीमरावांचा हात मनगटापर्यंत रश्शात होता. शारदाबाईंनी तोंडातलं भजं घाईनं गिळलं.

"उठा," धुरपदाबाई म्हणाल्या.

"आगं, तुज्याच भल्यासाठी सांगितलं."

"उठा म्हन्ते!"

बलभीमरावांचा आवाज एकदम खाली आला. "भ्या वाटतं गं. पुन्ना उलटलं तर?"

"भ्या मलाबी वाटतं. रोज वाटतं. पन भ्यायचं दोघांनी आन अळणी खायाचं म्या एकलीनं? ह्यो कुठला न्याव?"

बलभीमराव ताटावरून उठले, मागोमाग बाकीचेही. पंगतींची अदलाबदल झाली. शिबिरार्थी सुरमईवर आणि भज्यांवर तुटून पडले. आचाऱ्यानं पुन्हा तवा तापवला. नातेवाईक खिचडीपुढं माना घालून बसले.

बलभीमरावांनी एक घास घेतला आणि थांबले.

"धुरपदा, ह्यात मीठच न्हाय."

"न्हाय."

"दोन वरीस तू हेच खाल्लंस?"

"हेच. आन तुमी माज्या म्होरं ठेचा कुटून भाकर खात व्हताव."

बलभीमरावांनी खाली मान घातली. हळूच ताट पुढं सरकवलं.

"सरकवू नका," धुरपदाबाई काटा काढत म्हणाल्या. "म्या सरकवलं की काय म्हनायचाव? 'अन्न हाय, संपीव समदं.'"

बलभीमराव निमूटपणे जेवले. शेवटचा घास कसाबसा घशाखाली उतरवून ते पाण्याकडं हात नेतात न नेतात, तोच धुरपदाबाईंनी वाढप्याला हाक मारली.

"आवो, हिकडं वाढा ह्यास्नी आनखी. मागायला लाजत्यात."