हाराकेकेवरची चादर

“बाग सांभाळायला काय लागतं, ताई? पाणी आणि दोन हात!”

हुइआला बसवर सोडताना पाओराने छाती पुढे काढून सांगितलं.

“आणि हाराकेके?”

“मधली पात म्हणजे लेकरू, तिच्या दोन्ही बाजूंना आईबाप. त्यांना हात लावायचा नाही. कापायचे ते कडेचे आजी-आजोबा! झालं?”

हाराकेके म्हणजे तलवारीसारख्या लांब, चिवट पातींचं झुडूप; ते त्यांच्या आईने माहेरहून आणून लावलेलं. हुइआ त्याच्याच पातींच्या टोपल्या विणायची. आईच्या हातचं असं एवढंच आता उरलं होतं.

पाओराने आधी बागेतल्या गवताचे तपकिरी झुबके, लग्नघरातल्या करवलीचे केस विंचरावेत तसे बोटांनी विंचरले. मग उत्साहाच्या भरात कात्री घेऊन तो हाराकेकेत शिरला. पाती त्याच्या डोक्याहून उंच. कडेची वाळकी पात कापायला म्हणून हात घातला आणि मधलंच काहीतरी कचकन तुटून हातात आलं. जाड, रसरशीत, टोकदार!

“मेलो! लेकरूच कापलं!”

त्याने ते जागेवर ठेवून काठी लावली, चिकटपट्टी गुंडाळली. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालावा तसं ध्यान दिसू लागलं. मग वरून चादर टाकली.

कुंपणापलीकडून डल्सीकाकूंनी विचारलं, “चादर कशाला रे?”

“रात्री पाणी गोठेल एवढी थंडी पडणार आहे, काकू.”

“नाताळ तोंडावर आलाय, आपल्याकडे ऐन उन्हाळा! मी इथे घामाने निथळतेय!”

“ताईचा निरोप आहे.”

इथे घात झाला! झाडांच्या बाबतीत गल्लीत हुइआचा शब्द शेवटचा. संध्याकाळपर्यंत टोमॅटोंवर टेबलक्लॉथ चढले, गुलाबांवर पडदे. एका लिंबाने तर पायजमा घातला!

दुसऱ्या दिवशी हुइआ परतली. “सगळ्यांनी धुणं झाडांवर का वाळत घातलंय?”

पाओराने चादरीकडे बोट दाखवलं. “ताई... आईच्या हाराकेकेचं लेकरू कापलं मी.”

हुइआने चादर ओढली, पट्टी सोडवली, वरचं आवरण नखाने सोललं. आत कळ्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

“हा फुलांचा दांडा आहे, शहाण्या! मी दरवर्षी कापते. लेकरू ते बघ, शेजारी. धडधाकट आहे.”

पाओरा मटकन गवतात बसला. हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

“आई असती तर बदडलं असतं तुला.”

“दांडा कापला म्हणून?”

“पट्टी लावली म्हणून!”

तेवढ्यात डल्सीकाकू केक घेऊन आल्या. “हुइआ, तुझ्या निरोपाने वाचलो गं! गल्लीतलं एक झाड दगावलं नाही!”

हुइआने भावाकडे पाहिलं. भावाने केककडे पाहिलं.

“सांग ना रे काकूंना.”

पाओराने घसा खाकरला. “काकू, आज नाही झाकलं तरी चालेल. थंडी... ओसरली.”