सत्र समाप्त

साकोलीच्या बस स्टँडमागं गोवर्धनकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं 'फुकट' हा शब्द उच्चारला की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा पंखा बंद होतो. भर मे महिन्यातसुद्धा. माझ्यासमोर एका राइस मिलवाल्यानं विचारलं, "काका, फुकटच्या सॉफ्टवेअरवर बनवलेली वेबसाईट टिकते का?" काकांनी शांतपणे हात वर नेला आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"फुकट नाही, शेठ. मोकळं हाय. फुकट म्हणजे कोणीतरी देल्लं. मोकळं म्हणजे कोणाच्याच बापाचं नाही. फरक समजला का पंखा लावतो."

मिलवाल्याचा सदरा पाठीला चिकटला तरी फरक समजला नव्हता.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील युनियनच्या सभेआधी गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणत. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. मालकी कोणाची, हा प्रश्न माझ्या घरी जेवणाआधी विचारला जायचा. त्यामुळे पंख्यावरून सिद्धांत शिकवणारा हा माणूस मला पहिल्याच भेटीत आपला वाटला.

वेबसाईट बनवायचं ते सॉफ्टवेअर जगभरातली माणसं मिळून चालवतात. कोणी कोड लिहितो, कोणी चुका शोधतो, कोणी त्यातली बटणं आणि सूचना आपल्या भाषेत आणतो. मराठी त्यात आधीच होती. काकांनी आमच्या भागात बोलतात ती झाडीबोली आणायला घेतली. 'सेव्ह'ला 'ठेवून दे', 'पब्लिश'ला 'दवंडी', 'ट्रॅश'ला 'उकंडा'. पान उघडायला वेळ लागला की पडद्यावर येतं, 'येऊन राहिलं, घाई नोको करू.' एखादी गोष्ट कायमची पुसायला गेलात तर, 'पक्कं ना? मंग रडू नोको.'

गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी कागद पुढं करून उभं असायचं आणि काका त्यालाच विचारायचे, "अपडेटले काय म्हणू बे, सांग न?"

पण बोली त्या सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत जायची तर मराठीच्या संपादकांची मंजुरी लागते. वैदेही मॅडम त्या संपादक. त्याही बिनपगारीच, पण नियमाला एकदम पक्क्या. रविवारी दुपारी ऑनलाईन बैठक ठरली. मी बोलींच्या दडपशाहीवर खरमरीत भाषण लिहून नेलं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि कॅमेऱ्यात झेरॉक्स मशीन दिसावं की दिसू नये, यावर स्वतःशीच भांडत होते.

बैठक सुरू झाली आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आधीच अर्धा उतरलेला. तो थोड्या थोड्या वेळानं पिपाणी वाजवू लागला. मोबाईलचं नेट जोडलं. पडद्यावर बैठकीतल्या मंडळींचे चेहरे थिजले, मग हलले. वैदेही मॅडम एकेक ओळ वाचत होत्या. 'दवंडी' मंजूर. 'उकंडा' हसत हसत मंजूर. प्रत्येक ओळीला काका श्वास धरायचे आणि मी माझ्या भाषणाची घडी उलगडायचो, पुन्हा घालायचो.

"गोवर्धनजी, ही एक ओळ," मॅडम थांबल्या. "वापरणारा बराच वेळ उठून गेला की सॉफ्टवेअर त्याला बाहेर काढतं. तेव्हाची सूचना आहे, 'सत्र समाप्त झाले आहे, कृपया पुन्हा लॉग इन करा.' तुम्ही लिहिलंय, 'कोठी गेल्ते जी? या, बसा.'"

"हो."

"मुळात 'या, बसा' कुठं आहे?"

"मॅडम, सत्र समाप्त म्हन्लं तर आमच्या इकडचा माणूस शाळेले सुट्टी लागली समजते."

मंडळी हसली. कोणीतरी खाली चॅटमध्ये लिहिलं, 'हे सॉफ्टवेअर माझ्याशी बायकोसारखं का बोलतंय?' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काका हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले.

"भाषेबद्दल माझी तक्रार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण बाकी सगळीकडे तुम्ही 'तू' वापरलंय. एकट्या या ओळीत 'जी' आणि 'बसा'. संबोधन एकसारखंच हवं, तो नियम सगळ्या भाषांना आहे. ही ओळ बदला, मी आत्ता मंजुरी देते. नाहीतर सगळंच काम पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबेल."

इन्व्हर्टरनं पिपाणी लांबवली. मी माईक बंद केला.

"काका, बदला न. एक ओळ हाय. आपली बोली आत जाऊन राहिली!"

"तूच लिहून आणलं न बे, एक शब्द बी सोडणार नाही म्हणून?"

"शब्द वेगळा. इथं तुमचीच चूक हाय. सगळीकडं तू, अन् इथंच या-बसा कायले?"

"चूक नाही ते."

"मंग काय हाय?"

काकांचं बोट कीबोर्डवर होतं, पण दाबत नव्हतं. "गोवर्धनजी, ऐकू येतंय का?" मॅडमचा आवाज तुटत होता. आता बंद पडलं तर सगळं गेलं. मी त्यांचा दंड धरून हलवला.

काकांनी माईक सुरू केला. "लिवतो, मॅडम. सत्र समाप्त." एका बोटानं त्यांनी ती ओळ टाईप केली. 'कृपया पुन्हा लॉग इन कर'सुद्धा घातलं.

हिरवी खूण आली. अभिनंदनांचा पाऊस पडू लागला आणि त्याच क्षणी इन्व्हर्टरनं मान टाकली. मी एकटाच अंधाऱ्या दुकानात ओरडत होतो, "जिंकलो! काका, झाडीबोली आत गेली!"

लाईट आल्यावर मी म्हणालो, "काकूंना फोन लावा न."

"लावला होता सकाळी. नातवाले भरवून राहिली होती." काकू सुनेच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून पुण्याला मुलाकडं गेल्या होत्या. नातू आता शाळेत जातो.

काकांनी खुर्ची पुढं ओढली. आपल्या दुकानाच्या वेबसाईटची फाईल उघडली आणि 'सत्र समाप्त' खोडून तिथं जुनी ओळ घातली. "जगाले देल्लं त्यायच्या नियमानं," ते म्हणाले. "आपली कापी आपल्या हातची हाय." मग मुद्दाम बाहेर पडायचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. 'कोठी गेल्ते जी? या, बसा.'

"कोठीच नाही व," काका हळूच म्हणाले. "इथंच होतो."

मला वाटलं, माझ्याशी बोलले. पण मला ते 'बे' म्हणतात. 'व' आमच्याकडं बाईमाणसाला म्हणतात.

मी चहा सांगायला बाहेर गेलो, आणि परत यायला जरा उशीरच केला.