डाव्या बाजूचा बिघाड

कोणतीही वस्तू बिघडली की दोष त्या वस्तूतच आहे असं गृहीत धरावं लागतं. त्याशिवाय दुरुस्तीला हात घालता येत नाही. याच तत्त्वावर आमच्या घरातल्या मिक्सरपासून दारावरच्या बेलपर्यंत सगळ्या यंत्रांची देखभाल चालते. खातेप्रमुख माझे वडील. टेलिफोन एक्स्चेंजच्या दोषनिवारण विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना अख्खा विभाग घरी घेऊन आले. (त्यात दोन पकडी, एक टेस्टर आणि बोलण्याची पद्धत एवढं सामान होतं.)

प्रस्तुत प्रकरण हेडफोनचं आहे. बाबांच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजाऱ्यांना तोंडपाठ होऊ लागल्या, तेव्हा माझ्या मुलीने आपले जुने, वायरवाले हेडफोन त्यांना देऊन टाकले. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी निवेदन केलं, "याची डावी बाजू बंद आहे."

पुढची कार्यवाही ठरल्या क्रमाने झाली. आधी पिनेजवळ वायर हलवून पाहणे (अंदाजे दोनशे वेळा). मग पिन पुसणे, फुंकणे, पुन्हा पुसणे. मग डाव्या बाजूची गादी काढून आत बॅटरीचा उजेड पाडणे व "हं" म्हणणे. रविवारी वायर कापण्यात आली, कारण ती आतून तुटली आहे हे न कापता सिद्ध करता येत नाही. तार अखंड निघाली. तिला डाग देऊन पुन्हा जोडलं आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मल्टिमीटरने सगळं ठीक असल्याचा निर्वाळा दिला, म्हणून मल्टिमीटर अविश्वसनीय ठरला. (तो मी आणला होता, हेही एक कारण.)

इथे चाचणीचा नियम सांगायला हवा. दुरुस्त केलेली वस्तू चालते की नाही, हे आमच्याकडे फक्त बाबा ठरवतात. मुलीने मधेच हेडफोन डोक्याला लावून "आजोबा, दोन्हीकडून ऐकू येतंय की" असा अहवाल दिला होता. तो अनुभवाअभावी फेटाळला गेला.

"तुम्हा मुलांना एकीकडे वाजलं तरी दोन्हीकडे वाजल्यासारखं वाटतं," बाबा म्हणाले. "लक्ष कुठे असतं तुमचं."

माझी बायको तांत्रिक बाबतीत अगदीच कोरी आहे. ती भाजी निवडता निवडता उठली आणि तिने हेडफोन बाबांच्या डोक्यावर उलटे चढवले. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्या.

"आता ऐका बघू, बाबा."

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "आता उजवी वाटी गेली. डावी मस्त चालतेय."

बाबांनी हेडफोन काढले, हातात फिरवून पाहिले आणि निदान केलं: फिरता दोष. हा दोष जागा बदलत राहतो. एक्स्चेंजमध्ये त्यांनी तो आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि त्याच्यापुढे तीन इंजिनियरांनी हात टेकले होते. त्या दिवशी बाबा एक पोळी जास्त जेवले.

स्वयंपाकघरात बायको मला म्हणाली, "कान दाखवायला न्यायला हवं."

"कुणाला?" मी विचारलं.

ती भाजी फोडणीला टाकायला वळली.

दरम्यान नवे हेडफोन मागवले. त्यांचीही डावी बाजू बंद निघाली. बाबांनी कंपनीला अडीच पानी पत्र लिहिलं, कंपनीने दिलगिरी व्यक्त करून बदली हेडफोन पाठवले, तेही तसेच. म्हणजे आजवर तपासलेल्या तीन हेडफोनांत डावी बाजू बंद असण्याचं प्रमाण शंभर टक्के आहे. मालाचा दर्जा इतका घसरला असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

घराने मात्र परिस्थितीशी छान जुळवून घेतलंय. जेवताना आम्ही सगळे बाबांच्या उजवीकडे दाटीवाटीने बसतो. डावीकडची जागा भांडी ठेवायला मोकळी राहते. फिरायला जाताना मी त्यांच्या डाव्या हाताला चालतो. (त्यामुळे वाहनं माझ्याकडे येतात. आमचं बोलणं होत नाही, पण ते आधीही फारसं होत नव्हतं.) गेल्या मंगळवारी मी बरोबर नव्हतो, आणि डावीकडून आलेल्या सायकलने त्यांना आडवं पाडलं. कोपर सोललं, चष्म्याची काडी मोडली. चार वेळा घंटी वाजवली, असं सायकलवाला शपथेवर सांगत होता. बाबांनी रस्त्यावर बसल्या बसल्या त्याची घंटी तपासली आणि नादुरुस्त ठरवली. दुरुस्तीसाठी रविवारी त्याला घरी बोलावलंय.

त्या दिवसापासून बायको रोज विचारते, "कधी सांगणार आहेस?" पुढच्या वेळी सायकल नसेल, असंही म्हणते. तिचं बरोबर आहे, आणि मला भीती वाटते. चौतीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन "लाइन ठीक आहे, दोष तुमच्याकडे आहे" असं ठणकावणाऱ्या माणसाला तेच वाक्य मी कोणत्या तोंडाने ऐकवू? शिवाय फिरता दोष सापडल्यापासून ते सकाळी शीळ घालत उठतात.

तुम्ही म्हणाल, मुलगा भलताच भित्रा आहे. मान्य. पण दोष हेडफोनमध्ये नाही, हे तुम्हाला मल्टिमीटरच्याही आधी कळलं होतं. तरीही एक म्हातारा माणूस धडधाकट वायर कापत होता, पत्रं लिहीत होता, रस्त्यात पडत होता आणि तुम्ही गालातल्या गालात हसत पुढे वाचत होतात. तुम्हाला वाटलं, सांगेल घरातलं कुणीतरी.

आम्हालाही तेच वाटतं.